तानाबाईचे चार सेकंद

“आजी, घाबरू नका. ही डबी बोलत नाही, नुसती ऐकते. आणि हिच्यापासून काही लपत नाही बरं का.”

हा आवाज माझ्या पहिल्या दिवसाचा. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात एक सिस्टर थरथरत्या म्हातारीच्या छातीला माझ्या तारा चिकटवत होती, तेव्हा तिने हे म्हटलं. मला केवढा अभिमान वाटला होता. ऐकायचं आणि बोलायचं नाही, हाच एक दिवस माझा कोंडवाडा होईल, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

मित्रांनो, मी एक जुना होल्टर आहे. नाव परक्या मुलखातलं, म्हणून आमच्याकडचे लोक मला डबीच म्हणतात. मी तळहातावर मावतो. पोटात एक सेल, अंगातून निघालेल्या पाच तारा आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक गोल चिकटपट्टी. दवाखान्यात हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढतात ती जेमतेम काही सेकंदांची. हृदय मोठं लबाड असतं. डॉक्टरांपुढे ते शहाण्या पोरासारखं हाताची घडी घालून बसतं आणि घरी गेलं की खोड्या काढतं. म्हणून मला माणसाच्या कमरेला बांधून त्याच्या घरी पाठवतात. एक दिवस आणि एक रात्र मी त्याच्या अंगाला लागून राहतो आणि लाखभर ठोके लिहून आणतो.

माझ्या पाठीवर एक निळं बटण आहे. धडधडलं, अंधारी आली, काही वेगळं वाटलं, की माणसाने ते दाबायचं. मी तिथे खूण करून ठेवतो. मला ओठ असा तो एवढाच, आणि तोही दुसऱ्याच्या अंगठ्यावाचून उघडत नाही.

शहरात माझे दिवस छान गेले. मी शेतकऱ्याबरोबर गोठ्यात झोपलो, एका गवयाबरोबर मैफिलीला बसलो, एका गुरुजींच्या पोटावर बसून पाढे ऐकले. “या डबीने माझा जीव वाचवला,” असं म्हणून एका आजोबांनी मला कपाळाला लावलं होतं. मग नवी यंत्रं आली. ती अंगावर टिकलीसारखी चिकटतात, त्यांना तारा नाहीत, पट्टा नाही. माझा पट्टा मळलेला दिसू लागला. एके दिवशी मला खोक्यात घातलं आणि चिखलीला पाठवलं.

चिखलीच्या दवाखान्यात माझी जागा टेबलाच्या खालच्या खणात. संपलेले सेल, एक गंजलेली कात्री, चिकटपट्ट्यांचं पाकीट आणि मी. तारांचा वेटोळा माझ्याच गळ्याभोवती. खण नीट लागत नाही, म्हणून बोटभर फट राहते. त्या फटीतून उजेडाची एक काडी आणि माणसांचे आवाज आत येतात. तेवढंच माझं जग.

आठवड्यातून दोन दिवस, गुरुवारी आणि शुक्रवारी, मंजुश्री मॅडम येतात. हृदयाचा ठेका चुकला की तो दुरुस्त करणाऱ्या त्या डॉक्टर. माणसं त्यांना काय काय विचारतात.

“मॅडम, हृदयात करंट असते म्हणता, मंग शॉक काऊन नाई लागत?”

“एवढासा असतो हो तो. हृदयाच्या वरच्या अंगाला एक जागा आहे. तिथून इशारा निघतो आणि दांडातून वाफ्यात पाणी जावं तसा खालपर्यंत पोचतो. दांड कुठे फुटला, कुठे तुंबला, की ठेका बिघडतो.”

“धडधड झाली म्हंजे अटॅकच ना?”

“दरवेळी नाही. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय, तर घरी बसून नातेवाइकांना फोन करत बसू नका. आधी दवाखाना.”

“चहा सोडू का?”

“किती पिता?”

“मोजले नाईत.”

“मग आधी मोजा.”

सगळे हसतात. पण एका प्रश्नाला मॅडम हसत नाहीत. कुणी म्हणालं, “कधी मधी अंधारी येते, पण ते उन्हानं असंल,” की त्यांची खुर्ची करकरते. त्या पुढे झुकून म्हणतात, “भान गेलं आणि परत आलं, असं एकदा जरी झालं तरी सांगायचं. उन्हाने झालं की कशाने, ते तुम्ही नाही ठरवायचं. ते माझं काम.”

गेल्या मार्चातल्या एका गुरुवारी गुलाबराव आले. चिखलीहून मेहकरकडे जाताना रस्त्यालगत एक गाव आहे, तिथून शाळेची पिवळी गाडी चालवणारे. वय बावन्न, अंगावर इस्त्रीचा शर्ट. सोमवारी शाळेच्या फाटकापाशी लेकरं उतरवून ते गाडीतून खाली उतरले आणि चाकापाशीच कोसळले. मिनिटभराने उठले, पॅन्ट झटकली, हसले. पण सोळा लेकरांनी पाहिलं होतं. शाळेने सांगितलं, येत्या सोमवारी डॉक्टरांचा कागद आणा, नाहीतर गाडीवर दुसरा माणूस.

मॅडमनी तपासलं आणि मला खणातून काढायला सांगितलं. अविनाश नावाचा मुलगा तारा लावतो. त्याने सगळं समजावलं. “काका, आंघोळ नाही करायची. तारा ओढायच्या नाहीत. काही वाटलं तर हे निळं बटन दाबा. आणि कोणत्या वेळी काय करत होता, ते या तक्त्यात लिहा.”

दीड तास मी गुलाबरावांच्या कमरेला होतो. त्यांचं हृदय घाबरलेलं होतं, पण ठेका चोख. मला वाटलं, चला, उद्या या माणसाला हवा तो कागद मिळणार.

घरी पोचल्यावर त्यांनी दार लोटलं आणि बायकोला हाक मारली. तानाबाई पिठाच्या हातानेच आल्या. गावात त्यांचं नाव होतं. पाण्याने भरलेली घागर एका झटक्यात कमरेवर घेणारी, दिवसभर कापूस वेचून परत घरचं करणारी बाई.

“हे तू लाव,” गुलाबराव म्हणाले.

“मी? कायले?”

“तुह्यं काळीज घोड्याचं हाय. आजवर एक गोळी खाल्ली नाई तू. माह्या काळजानं दगा देल्ला त गाडी गेली समज. या वयात कोण देते मले दुसरी गाडी?”

“आन मॅडमले समजलं त?”

“डबीले काय समजते, बाई हाय का माणूस?”

तानाबाईंना नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. त्यांनी हात धुतले. गुलाबरावांनी आपल्या छातीवरच्या चिकटपट्ट्या एकेक करून सोडवल्या आणि त्याच जागा बघून तानाबाईंच्या छातीला लावल्या. “आन बटनाले हात लावू नको,” असं दोनदा बजावलं. मग पदर माझ्यावर आला आणि अंधार झाला.

पहिल्याच ठोक्याला मला कळलं, हे दुसरं हृदय आहे. ते मिनिटाला एकशे दहाने पळत होतं. पण माझ्या पोटात नाव गुलाबरावांचं भरलेलं. मी तानाबाईंचे ठोके गुलाबरावांच्या नावावर लिहू लागलो. दुसरं काय करणार होतो?

दुपारी तीनला नळ आला. तानाबाई घागरी भरता भरता गुणगुणत होत्या. स्वतःच जुळवलेली ओवी असावी.

पिवळी पिवळी गाडी बाई, तुरीच्या फुलात न्हाली
धनी माहा हाकते बाई, अंगणी पाखरं…

आणि ओवी तिथेच तुटली.

मित्रांनो, ठोका येईना. एक सेकंद गेला. दुसरा. माझ्या आत एक सरळ रेघ चालली, पेरणीआधीच्या वावरासारखी रिकामी. तिसरा. त्यांचा हात नळाच्या तोटीवरून सुटला, पाणी घागरीबाहेर सांडू लागलं. चौथा. मग एक ठोका आला, धप्पकन. त्या ओट्याच्या कडेला टेकल्या.

“काय झालं व?” अंगणातून गुलाबरावांनी विचारलं.

तानाबाईंचा अंगठा पदराखालून माझ्या निळ्या बटणावर आला. मी वाट पाहिली. मला आयुष्यात कशाचीच एवढी वाट पाहिलेली आठवत नाही. अंगठा बटणावर टेकला, पण दाबला गेला नाही.

“काई नाई,” त्या म्हणाल्या. “चप्पल मुडपली.”

आणि ओवीचा राहिलेला शब्द त्यांनी पुरा केला, “…आली.”

त्या रात्रीत तसं आणखी दोनदा झालं. मी जागाच होतो. गुलाबराव शेजारी घोरत होते. मी लिहीत राहिलो.

शुक्रवारी सकाळी गुलाबरावांनी मला परत स्वतःच्या कमरेला अडकवलं आणि दोघं जण दवाखान्यात आले. माझ्या पोटातलं सगळं अविनाशने संगणकावर काढलं. मला वाटलं, आता सुटलो. दोन हृदयांची दोन अक्षरं आहेत, मॅडम ओळखतील. त्यांनी ओळखलंही. त्या पडद्यावर थबकल्या.

“पहिल्या दीड तासाची रेघ वेगळी, पुढची वेगळी. मधे तारा काढल्या होत्या का?”

“हाव, मॅडम. एक सुटली होती. परत लावली. जागा थोडी सरकली असंल.”

मॅडमनी मान हलवली. तारा सरकल्या की रेघ बदलते, हे खरं आहे. मी टेबलावर पडून होतो, वेटोळा गळ्याभोवती. पुन्हा कोंडला गेलो, आणि या वेळी खणाबाहेर.

“गुलाबराव, काल तीन वाजून बारा मिनिटांनी काय करत होता?”

त्यांनी तक्ता पुढे केला. “झोपलो होतो. लिवलं हाय पाहा, ‘झोप. बरं वाटते.’”

“झोपलेल्या माणसाचं हृदय असं चालत नाही. ते कष्टाचं काम करत होतं, उचलण्याचं, वाकण्याचं. आणि मग चार सेकंद थांबलं.” मॅडमचा आवाज खाली आला. “साधं थांबणं नाही हे. छातीत बॅटरी बसवावी लागेल, आणि लवकर. नाहीतर एखाद्या दिवशी परत सुरूच होणार नाही. तोवर गाडीला हात लावायचा नाही. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते?”

गुलाबरावांना कळलं. तीन वाजून बारा मिनिटं. नळ. ओट्यावर सांडलेलं पाणी. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत होती, पदर बोटाला गुंडाळत. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर ओल आली.

“मॅडम,” ते म्हणाले, “ते माह्यं नाई.”

“काय?”

“डबी माह्या आंगावर नोती. घरी गेल्यावर मी काढली आन हिले लावली. गाडी जाईन मनून.”

आता मॅडम ओरडतील असं त्यांना वाटलं असावं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“तुमच्यावर मी नंतर रागावते. आधी यांच्याकडे बघू द्या. ताई, तुम्हाला चक्कर येते का?”

“नाई,” तानाबाई म्हणाल्या. इतकी सवय होती त्या शब्दाची. “मले काई नाई.”

पुढचं थोडं आताच सांगून टाकतो. आठवड्याच्या आत तानाबाईंच्या खांद्याखाली एक छोटी बॅटरी बसली. ती माझी धाकटी बहीण म्हणा. माझ्यासारखी नुसती ऐकत नाही, हृदय थबकलं की हळूच कोपरखळी मारते. गुलाबरावांनी मला पुन्हा एकदा कमरेला बांधलं, या वेळी खरंखुरं. त्यांच्या हृदयात काही निघालं नाही. दोन दुकानांतून आणलेल्या, दोन नावांच्या, पण एकाच औषधाच्या बीपीच्या गोळ्या ते महिनाभर दोन्ही खात होते. त्या दुप्पट डोसाने बीपी उतरून ते कोसळले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला अंगावर ठेवलं असतं, तर त्यांना त्यांचा कागद मिळाला असता आणि तानाबाईंचे ते चार सेकंद कुणालाच कळले नसते. या गोष्टीचं काय करावं, ते मला आजही समजत नाही. शाळेला त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. दोन महिने घरी बसले, मग गाडी परत मिळाली.

मी पुन्हा खणात आहे. मला पुसून ठेवा, माझ्या तारा सोडवा, असं मागणं मी तुमच्याकडे करणार नाही. मी यंत्र आहे, माझा सेल बदलता येतो. मागणं एवढंच आहे, मित्रांनो, की तुमच्या घरात कुणी काम करता करता मधेच टेकलं, गाणं मधेच थांबलं, आणि विचारल्यावर “काही नाही” म्हणालं, तर तेवढ्यावर अंगणात परत जाऊ नका. जवळ जाऊन बसा. मला तोंड नाही. त्यांना आहे, पण ते उघडायला कुणीतरी समोर लागतं.

तर पुन्हा त्या खोलीत येऊ, जिथे तानाबाई “मले काई नाई” म्हणाल्या. मग गुलाबराव खुर्चीवरून उठले आणि त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले.

“ताने,” ते म्हणाले, “काल चप्पल मुडपली नोती ना?”

तानाबाईंचा हात टेबलावर आला. सवयीने असेल, त्यांचा अंगठा माझ्या निळ्या बटणावर टेकला. आणि पहिल्यांदाच तो दाबला गेला.

“चक्कर येते,” त्या म्हणाल्या. “दिवाळीच्या आधी कापूस वेचता वेचता पयल्यांदा आली. मंग येतच राह्यली. तुमाले सांगणार होती मी. पण तुमी गाडीवर असता, मांगं लोकायची लेकरं असतात. तुमच्या डोक्यात माही चिंता कायले घालू?”