रघूकाकांचे पाठकोरे कागद

लॉकडाऊनमध्ये मी गावी बसून चित्रं काढत होते असं सांगितलं की मुंबईच्या मैत्रिणी म्हणतात, काय गं, मजा आहे तुझी. मजा डोंबलाची. चार दिवसांसाठी म्हणून आप्पांना भेटायला आले, पाठीवर एक सॅक, आणि अडकले ती अडकलेच. मे महिन्यातलं माझं प्रदर्शन रद्द झालं. आमच्या वाडीपासून देवरूख सहा मैल, तिथलं वह्यापुस्तकांचं दुकान बंद, कुरिअर बंद. सोबत आणलेले पंधरा चांगले कागद एप्रिल संपायच्या आत संपले. मग मी आप्पांवर चिडायला लागले, कारण चिडायला घरात दुसरं होतंच कोण.

आप्पा म्हणजे माझे वडील, आत्माराम गुरुजी. तीस वर्षं शाळेत घालवल्यामुळे कुणाच्या चिडण्याचं त्यांना काही वाटत नाही. शांतपणे म्हणाले, "माळ्यावर बघ. रघूचे कागद असतील."

पत्र्याची पेटी होती. उघडली तर आत गठ्ठेच्या गठ्ठे, आप्पांनी सुतळीने बांधून ठेवलेले. दोन्ही कडांना भोकांची रांग असलेले कॉम्प्युटरचे लांबलचक कागद. एका बाजूला कसल्या कसल्या याद्या छापलेल्या, दुसरी बाजू कोरी. मी पेटीशेजारी बसून रडले. आप्पांना वाटलं, विंचू चावला.

रघूकाका आमच्या शेजारच्या घरातले. मुंबईत एका ऑफिसात शिपाई होते. तिथले रद्दीत जायचे कागद ते साहेबांना विचारून बाजूला ठेवायचे आणि वर्षातून दोनदा, एप्रिलात बाबासाहेबांच्या जयंतीला आणि मग दिवाळीच्या सुट्टीत, माझ्यासाठी गावी आणायचे. मी तिसरीत असल्यापासून ते चित्रकलेच्या कॉलेजात जाईपर्यंत. वाडीत बाकीच्या पोरी पाटीच्या कडेला फुलं काढायच्या, तेव्हा माझ्याकडे हात पसरता येईल एवढा कागद होता. माझा हात मोकळा आहे असं आता लोक लिहितात. तो त्या कागदाने मोकळा केला, दुसऱ्या कशाने नाही.

त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन लावला. रिटायर झाल्यावरही ते मुंबईतच होते, एका सोसायटीत वॉचमन, मुलाकडे राहायचे. म्हटलं, "काका, तुमच्या कागदावर काम सुरू केलंय. अजून दोन वर्षं पुरतील. कधी नीट थँक्यू म्हटलं नव्हतं, आता म्हणते."

"अजून हायत?" काका हसले. "मंग बरं झालं. हल्ली ऑफिसात तसला कागद मिळत नाय गो."

तो फोन मी केला, हे माझं नशीब. कारण सप्टेंबरात काका गेले. आठ दिवसांत सगळं आटोपलं. त्यांचा मुलगा दीपक, त्यालाही लागण झालेली, त्याला लांबूनसुद्धा बघायला मिळालं नाही. आणि काकांची बायको, चिमाकाकी इथे, शेताकडे बघायला म्हणून गावीच राहिलेली. तिला तर फक्त फोनवर कळलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ऑक्टोबरातल्या एका रविवारी ठरला, वीस माणसांत. टेबलावर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि खाली गेलेल्या माणसाचा फोटो, त्याला फुलं वाहायची, अशी आमच्याकडची रीत. पण फोटो कुठला? लग्नातल्या फोटोत काका वीस वर्षांचे, मिसरूड फुटलेले. काकांचा मोबाईल बटणांचा. कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये ते होते, पण मिरवणुकीत, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धे. दीपकने शेवटी आधारकार्डावरचा फोटो पाठवला.

काकी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आली. पायरीवर बसली नाही, लांब तुळईच्या ओंडक्यावर बसली, तोंडाला पदर.

"बाय, तू काढशील त्यांना? मला एकदा बघायचे हायत," म्हणाली. एवढंच.

मी चार दिवस राबले. आधारकार्डाचा फोटो म्हणजे काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. त्यातून मी माणूस काढला. कपाळ, गालफडं, डाव्या भुवईवरची खोक, एकूण एक बरोबर. आप्पा म्हणाले, हुबेहूब. मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन चित्र काकीपुढे धरलं.

काकीने बराच वेळ पाहिलं. "चांगले काढलेस," म्हणाली. "साहेबासारखे दिसतात." मग पदराने उगाच हात पुसले. "पन असे माझ्याकडं कवा बघत नव्हते गो."

मला राग आला. खरं सांगते, त्या बाईचं दुःख माझ्यासमोर बसलेलं असताना मला माझ्या चार दिवसांचा राग आला. घरी येऊन ब्रश आपटले. आप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तू फोटो काढलास. तिने नवरा मागितला होता."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी काकीच्या चुलीपाशी जाऊन बसले. सांग म्हटलं, कसे दिसायचे काका. तू सांग, मी काढते.

ती सांगायला लागली. शर्टाची कॉलर मागून विरलेली असायची. उजवा खांदा बॅगेने खाली झुकायचा. मानेवर घामाची रेघ यायची. पाखाडी उतरताना डावा पाय जरा तिरका टाकायचे. मी रेघा ओढत होते. आमच्या वाडीतून एसटीच्या थांब्यावर जायला जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, तीच पाखाडी. मध्ये फणसाचं झाड आहे आणि तिथे वळण. वळणापलीकडे माणूस दिसत नाही.

वहीकडे पाहिलं आणि माझा हात थांबला. मी काढलेला माणूस पाठमोरा होता.

"काकी, हे सगळं जातानाचं आहे. येतानाचं सांग ना."

"येताना?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "येताना मी कुठं बघितलं? सकाळची एसटी. सासू खळ्यात बसायची, तिच्यादेखत पुढं जाऊन उभं राहायचं म्हंजे. मी आपली हितं, चुलीपाशी. त्यांना कुळथाची पिठी आल्या आल्या गरम लागायची."

"सासू जाऊन पंधरा वर्षं झाली की."

"मंग काय, सवय. पिठी कोन बघनार?" ती म्हणाली. "पोचवायला मातुर जायची मी. फणसापरयंत."

चाळीस वर्षांचा संसार, आणि या बाईने नवऱ्याला घरी येताना एकदाही बघितलं नव्हतं. जाताना तेवढं दरवेळी. मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि मग एकदम आठवलं, की मी बघितलं होतं. दरवेळी. कागदाच्या लोभाने मी सात वाजल्यापासून फणसावर चढून बसलेली असायची.

ते येताना मला वरून दिसायचे. खांद्याला बॅग, काखेत सुतळीने बांधलेला गठ्ठा. वळणावर आले की काका थांबायचे. गठ्ठा पायरीवर ठेवायचे. रुमालाने तोंड पुसायचे. मग खिशातून कंगवा काढून केस विंचरायचे, भांग नीट पडला का ते बोटाने चाचपायचे, शर्ट आत खोचायचे. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते ओठांत दाबून ठेवलेलं असायचं, पण डोळ्यांतून बाहेर पडायचं. वर बघून मला म्हणायचे, "घरात सांगू नको हां." आणि गठ्ठा माझ्या हातात द्यायचे. मला वाटायचं, कागदाचं सांगू नको म्हणतात.

काकीला मी काहीच बोलले नाही. घरी आले. पेटीतले चार कागद भाताच्या खळीने एकमेकांना चिकटवले, पत्र्याखाली दाबून वाळवले आणि काढायला बसले. रंगाच्या दोनच ट्यूब उरल्या होत्या, बाकी सगळं काळ्या शाईत. दोन सकाळी लागल्या. आयुष्यात एवढ्या सहज हात चालला नसेल. ज्याने कागद दिला त्याचाच चेहरा त्या कागदावर, याहून मला काय हवं होतं. उजेडात धरलं की मागच्या याद्यांची अक्षरं काकांच्या शर्टातून पुसट दिसत होती. मी ती झाकली नाहीत.

आप्पांनी पाहिलं आणि चष्मा पुसला. मग गुरुजी जागे झाले. "पुण्यानुमोदनाला हातात कंगवा? लोक काय म्हणतील?"

"लोकांना आधारकार्ड दाखवा," मी म्हटलं.

रविवारी सकाळी माणसं यायच्या आधी मी चित्र घेऊन गेले. दीपक आदल्या दिवशी पोचला होता, आत टेबलावर पांढरं कापड अंथरत होता. काकी चुलीपाशी. मी तिला हाक मारून खळ्यात बोलावलं आणि चित्र पडवीच्या खांबाला टेकवून ठेवलं.

ती बघत राहिली. आधी काकांकडे, मग फणसाकडे, मग हातातल्या कंगव्याकडे.

"हे काय करतात?"

"केस विंचरतात. दरवेळी विंचरायचे, त्या वळणावर. घरात सांगू नको म्हणायचे मला."

काकीचा हात तोंडावर गेला. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही. मग हळूच म्हणाली, "असे यायचे होय?"

"असेच."

ती वळली आणि घरात गेली. मला वाटलं, रडायला गेली. मी तशीच उभी राहिले, माझंच चुकलं की काय म्हणून. आतून फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने काकी बाहेर आली. तोंड धुतलेलं, केसांना तेल लावून नीट विंचरलेले, पातळ बदललेलं. खळ्याच्या मध्यावर येऊन ती चित्रासमोर उभी राहिली, पदर सारखा केला.

"आलात?" म्हणाली.

आत चुलीवर पिठीला उकळी फुटल्याचा वास यायला लागला होता. काकीने सवयीने मान वळवली.

"तू थांब इथेच," मी म्हटलं, "मी बघते." आणि आत जाऊन पिठी ढवळत बसले.