टेकडीवरच्या पवनचक्कीची परतफेड

"अहो बाई, कागदावर तिचं आयुष्य वीस वर्षं दिलंय ना? मग वीसच धरा!" साहेब माझ्यावर खेकसले.

"कागदावर असेल, साहेब. ती नवव्या वर्षीच बंद पडली."

"सौरपॅनलचा हिशेब मुकाट्याने केलात. मग या पवनचक्कीवरच एवढा राग का?"

राग कसला डोंबलाचा! ती पवनचक्की माझ्या बाबांनी उभी केली होती. तिच्यावरून पडल्यापासून त्यांचा उजवा पाय वाकत नाही.

आमच्या कचेरीत सौरपॅनल, पवनचक्क्या, सगळ्यांचा जन्मापासून मोडीपर्यंतचा हिशेब लावतात. पोलाद वितळवण्यापासून भंगारात जाईपर्यंत किती ऊर्जा खाल्ली आणि चालू असताना किती परत दिली. टेकडीवरच्या चक्कीने खाल्लं फार, दिलं थोडं. मी आकडा बदलला नाही. साहेबांनी माझ्यादेखत बदलला आणि वर म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका." असा संताप आला की जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. समोर टेकडीवर क्रेन सकाळपासून त्यांची चक्की उतरवत होती.

"काय गं, लागला का हिशेब? फेडलं का आमच्या चक्कीने सगळं?"

साहेबांचा आकडा अगदी ओठांवर आला होता. पण दिवसभर ज्याच्याविरुद्ध भांडले, तेच घरी येऊन करायचं?

"नाही फेडलं, बाबा. बेअरिंग गेलं, नवं कुणी पाठवलंच नाही. निम्म्यावरच राहिली ती."

आई आतून ओरडली, "अगं, हो म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का तुझी?"

"तू थांब गं." बाबा माझ्याकडे वळले. "या क्रेनचं डिझेल धरलंस?"

"धरलं."

"वर जायला रस्ता फोडला होता, तो?"

"तोही."

"आणि आम्ही? भर उन्हात कमरेला दोर बांधून चढायचो, ते कुठे धरलंय?"

"माणसाची मेहनत धरत नाहीत, बाबा. तशी पद्धतच नाही." हे बोलताना माझीच मला चीड आली.

बाबा हसले.

"बरंच झालं म्हणायचं. धरली असती तर आणखी खड्ड्यात गेली असती बिचारी चक्की."

तो न वाकणारा पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, खुर्ची फिरवली आणि टेकडीकडे पाठ करून बसले.