तिरंदाजांचं कुरण

"फ्लेमिश माणूस भाषेसाठी प्राण देईल, पण मान झुकवणार नाही!" ओडील व्हरमेर्शने टेबलावर मूठ आपटली. वाक्य त्याने शाळेतल्या डचमध्ये म्हटलं. त्याच्या गावची फ्लेमिश, म्हणजे डचचीच एक बोली, शेजारी बसलेल्या, दूरच्या लिम्बुर्ग प्रांतातून आलेल्या सहसदस्य वेर्लेला कळत नसे, आणि टीव्हीवाले तर ती खाली अक्षरं देऊनच दाखवत.

ब्रुसेल्सच्या वेशीवरच्या त्या गावात निम्मी घरं फ्रेंच बोलत, पण नगरसभा कायद्याने डचमध्ये चाले. मातृभाषा फ्रेंच असलेल्या महापौरबाईंच्या तोंडून सभेत फ्रेंच निघालं, की ठराव रद्द करून घेता येई. आजचा ठराव तिरंदाजांच्या कुरणावर वाहनतळ करण्याचा होता. तिथल्या उंच खांबावरच्या लाकडी पक्ष्यांवर ओडीलच्या पणजोबांपासून सगळ्यांनी नेम धरला होता. मतं आठ विरुद्ध सात. ओडीलच्या बाजूला सात.

"चिडव तिला," वेर्ले कुजबुजली. "चिडला की माणूस आईच्या भाषेत जातो."

दोन तास तो तेच करत होता.

"माझ्या आजोबांना पहिल्या महायुद्धात खंदकात फ्रेंचमध्ये हुकूम मिळायचे, मॅडम. कळायचे नाहीत."

"माझे आजोबाही तिथंच होते," महापौर सोलांज रावे घाम पुसत, एकेक डच शब्द तोलत म्हणाल्या. "त्यांना हुकूम कळायचे. तरी मेले."

"आणि खांबाचं काय? सरपण?"

"खांब आम्ही..." त्या थांबल्या. ओठ हलले, शब्द येईना. मान लाल झाली. सचिवांनी पेन उचललं.

वेर्लेने टेबलाखाली ओडीलचा गुडघा दाबला. आता फक्त गप्प बसायचं होतं.

ओडीलला ते बघवेना. समोरचा अडखळला की आपण त्याच्या भाषेत जायचं, ही घरची शिकवण. दूधवाल्याशी, डॉक्टरशी, जावयाशी तो जन्मभर तसाच वागत आला होता.

"सावकाश, मॅडम," तो म्हणाला. "घाई नाही. पाणी घ्या." अस्खलित फ्रेंचमध्ये.

त्यांनी घोटभर पाणी घेतलं.

"आभारी आहे, व्हरमेर्शसाहेब," त्या डचमध्ये म्हणाल्या. "खांब आम्ही शाळेमागे हलवू."

वेर्ले लिम्बुर्गच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. तेवढं मात्र ओडीलला नीट कळलं.

ठराव आठ विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला. इतिवृत्तात फ्रेंच बोलल्याची नोंद एकाच सदस्याची आहे: ओडील व्हरमेर्श. साध्या सदस्याच्या फ्रेंचने ठराव रद्द होत नाही.