ओल्या भिंतीची गल्ली

सकाळी निघताना तामोने नवऱ्याच्या खांद्यावरचा लोकरी झग्याचा चुणलेला भाग सरळ केला आणि रोजच्यासारखं हळूच सांगितलं, "आज विणकरांच्या गल्लीत कुंचे फिरणार आहेत. तिकडे जाऊ नका. भट्टीच्या गल्लीची पाळी परवा."

मफद्दलने मान हलवली.

शाबान महिना लागला की मोरोक्कोतल्या या डोंगरी शावन गावच्या बायका बाह्या सरसावतात. पुढे रमझान उभा असतो, आणि मळक्या भिंतींनी रमझानचं स्वागत करणं कोणालाच आवडत नाही. चुन्यात नीळ कालवायची, काठीला कुंचा बांधायचा आणि गल्ली उंबऱ्यापासून हात पोचेल तिथपर्यंत निळी करून टाकायची. कुठल्या दिवशी कुठली गल्ली, हे बायका आपसात ठरवतात. पुरुषांना ते कळतं झग्याला डाग पडल्यावर. मफद्दलला मात्र रोज सकाळी कळायचं, आणि ते का, हे फक्त तामोला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत धुकं उतरलं. डोंगरावरून उतरतं तसंच; आधी कडांना, मग हळूहळू आत. तेतुआनच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यामागची शीर सुकत चालली आहे, गेलेलं परत येणार नाही. आता त्याला उजेड कळे, अंधार कळे, माणूस समोर आलं तर पाण्यात हललेल्या सावलीसारखं कळे. बाकी सगळं निळं. त्या निळ्यातून तो चालायचा तेव्हा त्याला कधीकधी वाटे, आपण चालत नाही आहोत, कुणाच्या तरी झोपेत तरंगतो आहोत.

उजवा हात भिंतीवर ठेवला की मात्र गाव पुन्हा जागच्या जागी येई. वर्षानुवर्षांच्या चुन्याने कोपरे गोल झाले होते, आणि प्रत्येक कोपऱ्याची गोलाई वेगळी होती. एक कोपरा उशीसारखा, एक लहान मुलाच्या गुडघ्यासारखा. कुठे खिळा, कुठे दाराची कडी, कुठे भट्टीमागची कोमट भिंत. तांजियरहून अकरा वाजता येणाऱ्या पाहुण्यांना तो या भिंतींच्या आधाराने फिरवून तीनला परत गाडीपाशी आणायचा. छातीवर वाटाड्याचा पितळी बिल्ला. लोकांना वाटे, म्हातारा मोठा मायाळू आहे, गावाला गोंजारत चालतो. कोणी कोणी त्या हाताचे फोटोही काढत.

बिल्ल्याशिवाय मफद्दलचं तोंड उघडत नसे. तीस वर्षं त्याने शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली होती. तेव्हाही कॅफेत चार ओळखीची माणसं बसली की हा कोपऱ्यात चहाच्या पेल्यातला पुदिना बघत बसायचा. काही सुचलंच तर विषय बदललेला असायचा. परक्यांपुढे, परक्या स्पॅनिशमध्ये मात्र शब्द आपोआप येत. निवृत्त झाल्यावर हे काम मिळालं तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्याला उशिरा का होईना, आवाज फुटला. पुस्तकं तर आता मिटलीच होती. बिल्लाही गेला तर उरेल काय, हा विचार तो पूर्ण होऊ देत नसे.

त्या दिवशी बाब अल-ऐन दरवाजापाशी गाडी थांबली आणि पाहुण्यांच्या आधी एक चटपटीत सावली खाली उतरली.

"काका, मी गिझलान. सहलीच्या ऑफिसातली. रोज फोन करते ती."

"आवाजावरून ओळखलं. फोनवर जरा उंच वाटायचीस."

ती हसली, पण लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "आज मीही बरोबर चालणार आहे. राग मानू नका. मागच्या महिन्यात तुम्ही भलत्याच गाडीपाशी जाऊन उभे राहिलात म्हणे, दोनदा. साहेब म्हणाले, एकदा बघून ये, मग बिल्ल्याची मुदत वाढवू."

"दमलो असेन."

"असेल. मी तरी काय, मागे मागे चालेन. तुम्ही तुमचं नेहमीचं करा."

नेहमीचं. मफद्दलने भिंतीवर हात ठेवला आणि सुरुवात केली.

पाहुणे सात होते. एक नवं लग्न झालेलं स्पॅनिश जोडपं, जे बोलण्यापेक्षा कुजबुजत जास्त होतं, तीन विद्यार्थी, आणि सेवियाच्या दोघी म्हाताऱ्या बहिणी. त्यांतली थोरली, कोन्सुएलो, काठी टेकत त्याच्या अगदी मागोमाग यायची आणि प्रश्न विचारायची.

"हा निळा रंग कशासाठी हो?"

"डास येऊ नयेत म्हणून, आभाळाची आठवण राहावी म्हणून, उन्हाळ्यात गारवा वाटावा म्हणून. जितके वाटाडे तितकी कारणं आहेत बाई. मी लहानपणी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, शेजारणीने लावला, मग आपली भिंत मळकी दिसायला लागली."

सगळे हसले. गिझलानचं हसू त्याने वेगळं ओळखलं. त्याला धीर आला. चौकात त्याने किल्ल्याच्या तांबड्या भिंती दाखवल्या, मशिदीचा आठ कोनांचा मनोरा दाखवला. बोट नेमकं तिकडेच गेलं, कारण उन्हाची ऊब कुठल्या गालावर आहे हे त्याने आधीच ताडलं होतं. डोंगरावर बदाम फुलले होते. त्याला ते दिसत नव्हते, पण वाऱ्यावर कडवट-गोड वास होता, आणि त्या वासावरून तो असं काही बोलला की कुजबुजणारं जोडपंही गप्प झालं. मफद्दल स्वतःच आपल्या बोलण्यात वाहत चालला होता. निळं धुकं, त्यात पावलांचे आवाज, कुठेतरी मागावर लाकूड आपटत होतं. आजचा दिवस असाच सरला तर, तो मनात म्हणाला, आणखी एक वर्ष मिळेल.

चढण सुरू झाली तसा तो सवयीने भट्टीच्या गल्लीत वळला. पुढे बावीस पायऱ्या. कुठली एक उंच, कुठली तुटकी, मध्येच डावीकडे वळण. चुन्याचा वास येत होता, पण या महिन्यात सगळ्या गावालाच तो वास असतो. त्याने नेहमीसारखा हात टेकला.

थंडगार दह्यात बुडावा तसा हात बुडाला.

भिंत ओली होती. त्याच्या सगळं क्षणात लक्षात आलं, फक्त कारण कळलं नाही. ते त्याला नंतर कळलं: विणकरांच्या गल्लीत पहाटे एक म्हातारी वारली होती. दारात मयत असताना त्या गल्लीत कुंचा कोण उचलणार? बायकांनी बादल्या उचलल्या आणि इकडे आणल्या.

आता हात काढायला हवा होता. डोळस माणसाने काढलाच असता. मागून गिझलान बघत होती. पण पाय तिसऱ्या पायरीवर होता आणि पुढे निळ्याखेरीज काहीच नव्हतं. हात सुटला तर तो कोसळणार. मफद्दलने हात काढला नाही. चौथी पायरी, पाचवी. कोपर आखडलं, बोटं घसरू लागली, तरी तो भिंत चाचपत वर चढत राहिला. आपल्या हाताखाली ताजा चुना खरवडला जातोय, मागे लांबच लांब ओरखडा उमटतोय, हे त्याला तळव्यात कळत होतं.

"मफद्दल! अरे मेल्या, हात काढ!" वरच्या उंबऱ्यातून आयदाचा आवाज कडाडला. आयदा म्हणजे या गल्लीची मुकादमच. "सकाळपासून दोन हात मारलेत भिंतीला, कंबर मोडली माझी, आणि हा खुशाल पुसत येतोय! दिसत नाही का तुला?"

पाहुण्यांना तिची भाषा कळली नाही. त्यांना ते गमतीचं वाटलं, एकाने फोटोही काढला. गिझलानला मात्र शब्द न् शब्द कळला.

मफद्दल थांबला नाही. बावीस पायऱ्या संपेपर्यंत त्याने हात उचलला नाही, आणि गल्ली संपली तेव्हा मागे आयदाचा आरडाओरडाही अचानक बंद झाला होता. शिव्या देता देता तिने बहुधा पायरी चाचपडणाऱ्या त्याच्या पायांकडे पाहिलं असावं.

गावाच्या वर, रास अल-मा या झऱ्याशी, पाणी डोंगराच्या पोटातून उसळून बाहेर येतं. तिथे पोचल्यावर पाहुणे पुलावर पांगले. खाली बायका गोधड्या बडवत होत्या. मफद्दल दगडावर बसला. गिझलान त्याच्याशेजारी बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

खोटं तयार होतं. चष्मा बदलायचाय, ऊन डोळ्यावर आलं, आयदाला चिडवायचं होतं. दोन वर्षांत अशी कितीतरी त्याने जमवून ठेवली होती. पाण्याच्या आवाजात एकही उचलावंसं वाटेना.

"हा दुसरा शाबान."

"आणि तरी तुम्ही माणसांना त्या पायऱ्यांवरून आणता?" तिचा आवाज चढला. "त्या आजींचा पाय सटकला असता तर काका? तुम्ही धरलं असतं? कुठे धरलं असतं?"

हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता याचीच त्याला लाज वाटली. इतके दिवस त्याला स्वतःच्या पडण्याची भीती होती, दुसऱ्या कोणाच्या नाही.

"मला खोटं लिहिता येणार नाही," ती हळू म्हणाली. "तुमच्यासारखं बोलणारा दुसरा कोणी नाही आमच्याकडे. पण मला खोटं नाही लिहिता येणार."

"लिहू नकोस. आपल्या दोघांच्या वाटणीचं खोटं मी बोलून झालोय." त्याने बिल्ला काढायचा प्रयत्न केला. टाचणी अडकली होती. गिझलानने ती सोडवली. "यांना खाली बाजाराच्या रस्त्याने ने. तो रुंद आहे, पायऱ्या नाहीत. तीनच्या आत पोचाल."

"आणि तुम्ही?"

"बायको येईल. शावनमध्ये बातमी पाण्यापेक्षा लवकर खाली जाते."

निघताना कोन्सुएलोने त्याचा हात धरला, तोच, चुन्याने माखलेला. "तुम्ही गावाला कसे गोंजारत चालता! घरी गेले की सगळ्यांना सांगणार आहे."

"नाही बाई," मफद्दल म्हणाला. "आधार घेत होतो. मला दिसत नाही."

तिने हात लगेच सोडला नाही. मग काठीचा टक् टक् आवाज इतर पावलांत मिसळून उतरत गेला. त्याच्याशिवाय पाहुणे चालले आहेत, हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

तामो आली ती धापा टाकत. "पहाटे फिरलं हो सगळं, मला आत्ता कळलं! आयदा रडत सांगत आली. मी तुम्हाला निरोप..." ती थबकली. त्याच्या छातीवरची रिकामी जागा तिला दिसली असावी. "काढून घेतला?"

"मीच दिला. सांगितलं सगळं."

तामो शेजारी टेकली. तिच्या झग्याला चुन्याचा ओला वास होता. "मग आता?"

"माहीत नाही. रिकामं वाटतंय. मला वाटलं होतं, भीती वाटेल."

"चला घरी," ती म्हणाली आणि उठून तिने त्याचं कोपर धरलं. दोन वर्षांत घराबाहेर तिने कधी धरलं नव्हतं. त्याने धरू दिलं नव्हतं. भरदिवसा, भर रस्त्यात म्हातारा-म्हातारी अशी चालली म्हणजे लोक बघणारच. त्याने हात सोडवून घेतला नाही.

उतारावर एका गाढवाचे खूर वाजले. "बाजूला व्हा," तामो म्हणाली, आणि दोघं भिंतीला टेकले. गाढवामागे बुशता होता, गॅसच्या टाक्या पोचवणारा. एकेकाळी तो आणि मफद्दल एका बाकावर शिकले होते.

"काय रे मफद्दल, वहिनींनी धरून आणलंय? काय चोरलंस?"

मफद्दलने तोंड उघडलं. नेहमीसारखंच काही सुचेना. मग तो सरळ म्हणाला, "डोळे गेले माझे, बुशता."

"गेले म्हणजे? दिसत नाही? अजिबात?"

"जवळजवळ."

"देवा, सुटलो!" बुशता ओरडला.

तामो उसळली. "जिभेला काही हाड? सुटलो काय म्हणता?"

"तसं नाही हो वहिनी! दोन वर्षं मी याला कॅफेच्या दारातून हात करतोय, आणि हा आपला नाक वर करून निघून जातो. मी म्हटलं, साहेबांना परक्या लोकांची हवा लागली. माझं काय चुकलं, म्हणून बायकोला विचारून विचारून भंडावून सोडलं. रागावून मी याला ईदला घरी बोलावलं नाही!"

"आणखी कोणाला वाटतं असं?" मफद्दलने विचारलं.

"यादी मोठी आहे बाबा. न्हावी आहे. चीजवाला आहे. दोघे शाळेतले मास्तर. माझी सासूसुद्धा, पण ती तशी सगळ्यांवरच रागावलेली असते."

मफद्दलला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. दोन वर्षं तो ज्यांच्यापासून लपत होता ते सगळे दोन वर्षं हात उंचावून उभे होते. तामोही हसायला लागली, तोंडावर हात धरून.

कॅफे चार पावलांवर होता. पेल्यांचा किणकिणाट, पुदिन्याची वाफ, एकात एक मिसळलेले आवाज. बुशताने गाढव खांबाला अडकवलं आणि दारातूनच गळा काढला, "अरे ए, ऐका सगळे! हा मफद्दल..."

"थांब," मफद्दलने त्याचा खांदा चाचपून धरला. "मला सांगू दे."

आत हळूहळू शांतता पसरली. समोर कोण बसलंय ते त्याला दिसत नव्हतं. एक उजळ, हलतं निळं होतं, आणि त्यात ओळखीची, रुसलेली माणसं होती. तामोने त्याचं कोपर अजून धरलेलं होतं. मफद्दलने घसा साफ केला आणि आपल्या स्वतःच्या भाषेत, अडखळत, सुरुवात केली.