कडेला कोण पोचलं

या बाई, जवळ सरकून बसा. कीर्तनाचे बुवा यायला अवकाश आहे, तोवर माझ्या गंधालीची गोष्ट सांगते.

गंधाली माझी लेक, इथं रायपुरातच खमिरावर, म्हणजे पाव फुगवतात त्या यीस्टवर, संशोधन करते. रंग सोडला तर सगळ्या बाबतीत सारखं असं लाल आणि पांढरं खमीर ती समसमान मिसळते, त्याचा एक थेंब खाद्याच्या बशीत ठेवते. थेंब वाढत पसरतो, तसे कडेला पंख्यासारखे रंगाचे पट्टे उमटतात. तिचं म्हणणं, हे पट्टे कुणाच्या जोरानं नाही, निव्वळ योगानं पडतात. पण पहिल्याच बशीत जवळजवळ सगळी कड लाल निघाली. तिचे मार्गदर्शक श्यामकांत सर म्हणाले, लालच दांडगं दिसतं, मग वर्षाचं काम विसर. तिनं त्याच मिश्रणाच्या आणखी बशा लावल्या.

त्या वाढेपर्यंत पोरगी ताट अर्धं टाकूनच उठायची. मी तात्यापाऱ्यातल्या देवळात रोज दिवा लावू लागले. एकदा मागून येऊन तिनं विचारलं, "देवाले काय मागून राहिली, आई?"

"पांढरं जिंकू दे म्हणून."

"नको मागू. सगळीकडे पांढरंच आलं तरी मी बुडालीच. दर बशीत निराळं याले पायजे."

आता सांगा, असं मागणं मागायचं कसं? जन्मभर कुणा ना कुणासाठी यशच मागितलं. मग नुसता दिवा लावायचा नि घरी यायचं.

मी तिला म्हटलं, जोर नाही तर लाल पुढं गेलं काहून? ती म्हणाली, कीर्तन सुटल्यावर दाराशी बसलेले आधी बाहेर पडतात ना, तसं. मोकळी जागा कडेच्यांनाच. मग त्यांचीच लेकरं पुढं, लेकरांची लेकरं पुढं. मधले तिथंच अडकतात. दाराशी कोण बसलं, तेवढाच योग.

बशा तपासायच्या दिवशी मी फोन हातातून खाली ठेवला नाही. शेवटी वाजला.

"आई, एकीत लाल, दुसरीत पांढरं, तिसरीत अर्धं-अर्धं. सर म्हणाले, प्रबंध लिहाले घे."

मी उठून देवापुढं साखर ठेवली.

रात्री तिनं फोटो दाखवले. कडेनं लाल झालेल्या बशीत मधोमध पांढरं होतंच, लालाला खेटून. ते पाहिलं आणि शांताताई आठवली, माझी थोरली बहीण. माझ्याहून हुशार, गळाही गोड. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा ती घरात होती, मी मामाकडे. ती त्यांच्या सेवेत अडकली, मी शिकले. लोक म्हणत, तिच्यात दमच नव्हता. पण दाराशी मी होते, तेवढाच योग.

बाई, आज बुवांनी नामघोष धरला की तुम्ही माझ्या शांताताईची आठवण काढा.