न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

सल्लागाराला लोकांच्या प्रश्नांचा मनापासून तिटकारा होता, आणि त्याचं पोट त्या प्रश्नांवरच चालत होतं. दर आठवड्याला वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याचं सदर यायचं. वाचक विचारणार, हा उत्तर देणार. बाजार अजून किती पडेल? शेजाऱ्याने घेतलेला शेअर मीही घेऊ का? एका निवृत्त मास्तरांनी तर नफा होईल पण तोटा कधीच होणार नाही असा फंड सुचवा, असं लिहून वर 'शक्यतो ऑफिस घराजवळ असावे' अशी अट घातली होती. असली पत्रं वाचून सल्लागार कपाळाला हात लावायचा आणि मग जिभेवर साखर ठेवून उत्तर लिहायचा. बाईने विचारलं की 'ताई', पुरुषाने विचारलं की 'दादा'. उत्तर बहुधा एकच. धीर धरा, विकू नका. पुरवणीतल्या निम्म्या जाहिराती फंडवाल्यांच्या होत्या, तिथे 'विका' म्हणून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा?

पत्रं कमी पडली की प्रश्नही तो स्वतःच लिहायचा. सदरं लिहिणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही. पण एकदा उपसंपादक बाईंनी टोकलं.

"तुमचे सगळे वाचक एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात हो. जरा हाडामांसाचं माणूस येऊ द्या."

टेबलावर फोन थरथरत होता. सल्लागाराच्या मोठ्या बहिणीचा. त्याने तो पालथा घातला. ताईचा निरोप त्याने सकाळीच वाचला होता: दुकानाचा मालक गाळा विकतोय, आधी मला विचारलंय, फंडातले पैसे काढू ना? गेली वीसेक वर्षं ती त्या भाड्याच्या गाळ्यात कपडे शिवत होती आणि बायकांना शिवण शिकवत होती. मेहुणे गेल्यावर त्यांच्या नोकरीचे जे पैसे आले, ते सगळे तिने भावाच्या शब्दावर एका फंडात घातले होते.

त्या फंडाला कीड लागली होती, हे सल्लागाराला ठाऊक होतं. फंडाने भलत्याच कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवले होते, ज्यांना आता गिऱ्हाईक नव्हतं. सदराखेरीज तो ज्यांचे पैसे सांभाळायचा, त्या मोठ्या गिऱ्हाइकांना त्याने गुपचूप त्यातून बाहेर काढलं होतं. ताईला सांगायचं म्हणजे 'मीच तुला यात घातलं' हे कबूल करायचं, आणि ती साऱ्या नात्यागोत्यात त्याचं नाक कापणार. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं.

आणि त्या दिवशी, फोन पालथा पडलेला असताना, त्याने हाडामांसाचं माणूस लिहून काढलं.

'माझे वय अठ्ठावन्न. यजमान नाहीत. शिवणकाम करते, पण आता गुडघ्यांमुळे मशीन मारवत नाही. सगळी पुंजी एकाच फंडात आहे. बाजार पडतो आहे, झोप लागत नाही. पैसे काढून घेऊ का? मार्गदर्शन करावे.' खाली उत्तर: 'ताई, घाईने उसवलेली शिवण पुन्हा तशी बसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं! धीर धरा. फंडाला हात लावू नका.'

उपसंपादक बाई खूश झाल्या. शिवणीचं वाक्य सल्लागारालाही फार आवडलं. त्यानंतर ताईचे फोन थांबले. ब्याद टळली, असं त्याला वाटलं. आपल्या सख्ख्या बहिणीबद्दल त्याला असं वाटलं, हे इथे सांगायलाच हवं.

फंड मात्र पडत राहिला आणि अर्ध्यावर आला. मग एका सकाळी ताई न कळवता त्याच्या ऑफिसात आली. काचेचं दार ढकलून आत शिरली, खुर्चीवर बसली आणि पर्समधून पुरवणीचा तो तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या कोपऱ्यांना टाचणीची भोकं होती.

"गाळा गेला," ती म्हणाली. "काल दुसऱ्याने घेतला. मशिनी हलवायला महिन्याची मुदत दिलीय."

"अगं, मला सांगायचंस तरी..."

"सांगितलं होतं. तू फोन उचलला नाहीस, पण पेपरात उत्तर दिलंस. मला वाटलं, नात्यातल्या माणसाला उघड सल्ला देता येत नसेल, तुमच्या धंद्यात काही नियम असेल. माझं वय, माझे गुडघे, माझं मशीन. गाळ्याचं तेवढं लिहिलं नव्हतंस. म्हटलं, चारचौघांत नको म्हणून वगळलं असेल. भाऊ शहाणा आहे."

सल्लागाराने तो तुकडा आपल्याकडे ओढला. "ताई, तो तुझा प्रश्न नव्हता. तो मी असाच... बनवला होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं बघ, हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे, वैयक्तिक सल्ला नाही."

"माझे गुडघे सर्वसाधारण आहेत होय?"

त्याने तुकड्यावरचा हात काढून घेतला.

"हे मी दुकानात भिंतीला लावलं होतं," ती म्हणाली. "माझ्याकडे शिकणाऱ्या बायकांनीही माझं बघून त्याच फंडात पैसे घातलेले. त्या काढायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, माझ्या भावाने मला छापून उत्तर दिलंय, कुणी हलायचं नाही. त्या हलल्या नाहीत. आता माझ्याशी बोलत नाहीत. एकीने तर भरल्या दुकानात विचारलं, भावाकडून तुला किती मिळाले?"

"मी तुझे भरून देतो. हप्त्याहप्त्याने देईन."

"माझे देशील. आणि त्यांचे?"

तिने खुर्ची पुढे ओढली.

"एकच विचारते. तुझ्या मोठ्या गिऱ्हाइकांचे पैसे त्या फंडात आहेत का?"

लहानपणी चोरून काही खाल्लं की ती असंच बघायची, आणि त्याला खोटं बोलता यायचं नाही. "नाहीत," तो म्हणाला.

"कधी काढलेस?"

"हे छापून आलं त्याच्या आधी."

सल्लागाराला वाटलं, आता ही रडेल, शिव्या देईल, पेपर तोंडावर फेकेल. त्याला ते चाललं असतं. रडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते, त्यात तो पटाईत होता. ताई उठली आणि दाराकडे गेली. निघाली, असं वाटून त्याला हायसं वाटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

तिने दार उघडलं. जिन्यात तिच्याकडे शिकणाऱ्या बायका उभ्या होत्या; बोलत नसल्या तरी तिच्या मागोमाग आल्या होत्या. कुणाच्या खांद्यावर मोजपट्टी तशीच राहिली होती. कुणीही हसलं नाही. त्या एकामागून एक आत आल्या, मिळेल तिथे बसल्या, उरलेल्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ज्या बाईने भरल्या दुकानात विचारलं होतं, तिने हाताची घडी घातली होती आणि ती ताईकडेच बघत होती.

"ताई, हे काय चाललंय? आपण दोघं घरी बोलू ना," सल्लागार हळू आवाजात म्हणाला.

ताई त्याच्या शेजारी आली नाही. ती त्या बायकांत जाऊन उभी राहिली. टेबलावरच्या कागदाकडे तिने पाहिलंही नाही, तिला तो पाठ होता.

"माझं वय अठ्ठावन्न," ती म्हणाली. "यजमान नाहीत. शिवणकाम करते, पण आता गुडघ्यांमुळे मशीन मारवत नाही. सगळी पुंजी एकाच फंडात आहे. पैसे काढून घेऊ का? मार्गदर्शन करावे."

सल्लागाराने ओठ ओले केले. त्याने इतक्या लोकांना उत्तरं दिली होती, पण उत्तराची वाट बघणारी तोंडं त्याने कधी समोर पाहिली नव्हती.

"काढ," तो म्हणाला. "ताई, जे उरलंय ते आजच काढ."

"ऐकू आलं नाही मागे," एक बाई म्हणाली.

"सगळ्यांनीच काढा. मला हे तेव्हाच ठाऊक होतं."

बायकांनी आता ताईकडे पाहिलं. हाताची घडी घातलेल्या बाईने हात सोडले, आपली खुर्ची रिकामी करून ताईला दिली. ताई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश बसली.

"आणखी एक," ती भावाला म्हणाली. सख्ख्या बहिणीने त्याला आयुष्यात पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. "आम्हाला ताई म्हणू नका, साहेब. यांचे प्रश्न राहिलेत. एकेकीला उत्तर द्या."