खाचेखालची तार

माझा नवरा मोरेश्वर गेल्यावर वर्षभरातच शशिकांतभाऊजी आमचा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन गेले. मोरेश्वरचे हे मित्र न्यू जर्सीतल्या जुन्या मशीनवाल्यांच्या क्लबचे अध्यक्ष. मशीन परत आलं, पण वेग वाढवणारं आमचं प्रोसेसर कार्ड त्यात चालेना.

"कार्ड मेलं, वहिनी. प्रोग्रॅम सगळे चालतात ना? मग झालं."

मी झाकण उघडलं. पेटी आमचीच होती, आतला बोर्ड मात्र नकली. त्या काळी अशा नकला ढिगाने निघायच्या. प्रोग्रॅम सगळे चालवतात, पण त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनिक घड्याळाचा ठोका कार्डापर्यंत कणभर उशिरा पोचतो. माणसाला ते कळत नाही, कार्डाला कळतं.

मी भाऊजींना फोन केला नाही. क्लबच्या पार्सिपनीतल्या प्रदर्शनाची वाट पाहिली.

तिथे त्यांच्या टेबलावर 'अस्सल' अशी पाटी लावलेलं मशीन होतं आणि भोवती गर्दी. शेजारी क्लबमधल्या तरुण ऋषीचं मशीन, तेही अस्सल. मी पर्समधून कार्ड काढलं तसा भाऊजींचा चेहरा उतरला.

"ऋषी, तुझ्यात लावून बघू?"

"शुअर, काकू."

पडदा काळाच राहिला.

भाऊजी मोकळे हसले. "सांगितलं होतं ना, मेलंय! या सायंटिस्ट लोकांना प्रूफ लागतं, यार."

"तुमच्यात लावू?"

"लावा की! हौस फिटू दे तुमची."

लावलं. पडदा लगेच उजळला.

"आमच्या बोर्डावर कार्डाच्या खाचेतली एक पिन तुटली होती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मोरेश्वरने आणि मी तिचा सिग्नल एका रिकाम्या पिनवर वळवला, बोर्डावर आणि कार्डावरही. त्यानंतर हे कार्ड दुसऱ्या कुठल्याच मशीनमध्ये चालत नाही, अस्सल असलं तरी. बोर्ड उलटा करा. खाचेखाली हिरवी तार दिसेल."

ती तार त्यांनी आधी पाहिली असणारच. कारखान्यातलीच दुरुस्ती वाटली असेल.

"वहिनी, घरी बोलू या ना."

"इथेच. स्क्रूड्रायव्हर आणलाय मी. तुमच्याच हाताने काढा."

गर्दी हलली नाही. ऋषी फोनवर शूट करायला लागला, मी त्याला थांबवलं नाही. भाऊजी एकेक स्क्रू काढू लागले. मला कसलीही घाई नव्हती.

तार हिरवीच होती.

मी पिशवीतून नकली बोर्ड काढून त्यांच्या पाटीपुढे ठेवला.

"हा तुमचा. प्रोग्रॅम सगळे चालतात."